थर्मामीटर कोणता, ते नंतर. किती अंश चुकलेले चालतील ते आधी

खारघरहून तुम्ही जे विचारलंत ते थोडक्यात असं. घरी दही, पनीर आणि कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करता. या संक्रांतीपासून चिक्की आणि तिळगूळ करून विकायचंही मनात आहे. साडेतीनशे रुपयांचा पेनसारखा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन घेतलात, तर तो उकळत्या पाण्यात एकदा ९७ दाखवतो आणि एकदा १०१. न्यूझीलंडला असलेले तुमचे दादा घरी बिअर करतात. ते म्हणतात, "थर्मापेनच घे, कटकट मिटेल." तो झटपट वाचणारा पेन इथे मागवायचा तर भारीतल्या मिक्सरएवढा पडतो. मग तो घ्यावा, हाच चालवावा, की मधलं काही?

मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान खरं की मीटर खोटा, हे ठरवण्यात आयुष्य गेलं. आता नौपाड्यात घरी बायकोच्या फराळाच्या ऑर्डरी असतात. त्यात मी हमाल, हिशेबनीस आणि थर्मामीटरवाला. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगू शकतो.

कंपनीत कोणी "चांगला थर्मामीटर द्या" म्हणत आला की आमचे साहेब पहिलं विचारायचे, "किती अंश चुकला तर माल बिघडेल?" तुमची कामं या प्रश्नावर घासून बघा. दह्याला दूध ४२ ला विरजलं काय आणि ४४ ला काय, दही लागतंच. पन्नाशीच्या वर गेलात तर विरजणातले जंतू मरायला लागतात आणि पस्तिशीच्या खाली आलात तर वेळ लागतो, एवढंच. पनीरला दूध एकदा उकळीच्या जवळ न्यायचं, मग सत्तर-पंचाहत्तरला उतरवून लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं. दोन-तीन अंशांनी तिथे आभाळ कोसळत नाही. कोंबुच्याला तर एका क्षणाच्या तापमानापेक्षा आठवडाभर बरणी कुठे होती हे महत्त्वाचं. या तिन्ही कामांना तुमचा साडेतीनशेचा पेन पुरतो. विरजण लावायच्या आधी दूध तळापासून ढवळून घ्या म्हणजे झालं. कडेचं दूध कोमट आणि मधलं कढत असतं, त्यात थर्मामीटरचा काय दोष?

तुमची खरी अडचण पाकात आहे. उकळणाऱ्या पाकाचं तापमान म्हणजे त्यात पाणी किती उरलंय याचा हिशेब. पाणी उडत जातं, साखरेचं प्रमाण वाढतं, तसा उकळबिंदू वर सरकतो. साखरेच्या पाकाला साधारण १०५-१०६ च्या आसपास एकतारी येते. ११२ ते ११६ मध्ये गोळीबंद होतो आणि १४६ च्या वर गेला की थंड झाल्यावर काचेसारखा कडकन मोडतो. म्हणजे एकतारी आणि गोळीबंद यांच्यात सहा-सात अंशांचं अंतर. थर्मामीटर चार अंशांनी इकडेतिकडे होत असेल तर तो असून नसल्यासारखाच.

तर आधी तुमच्या ९७ आणि १०१ कडे वळू. माझा अंदाज, तुमचा पेन बिघडलेला नाही, धरण्यात गडबड आहे. या पेनांचा सेन्सर टोकाच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये असतो. टोक पातेल्याच्या तळाला टेकलं तर तुम्ही पाणी मोजत नाही, खालून गॅस लागलेला पत्रा मोजता. तो १०१ काय, १०३ सुद्धा दाखवेल. उलट टोक जेमतेम सेंटिमीटरभर बुडवलं तर वरची स्टीलची कांडी हवेत राहते आणि टोकाची उष्णता वर ओढत राहते. मग आकडा कमी येतो. आमच्याकडे ढोबळ नियम होता, कांडीच्या जाडीच्या दहापट तरी बुडालं पाहिजे. चार मिलिमीटरची कांडी असेल तर चार सेंटिमीटर.

हा नियम मी कामगारांना शिकवला आणि स्वतःच्या ओट्यापाशी विसरलो. निवृत्तीनंतरची पहिलीच संक्रांत. अर्धा किलो गूळ रुंद कढईत, पाकाची खोली बोटाच्या दोन पेरांएवढीसुद्धा नाही. मी ऐटीत पेन उभा धरलेला. आकडा १०८. बायको चमच्यावरून थेंब वाटीतल्या पाण्यात सोडून म्हणाली, "अहो, झाला पाक." मी म्हटलं, "अजून सहा अंश आहेत, थांब." तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली. त्या लाडवांच्या गोट्या झाल्या. शेजारचे आजोबा एक लाडू तोंडात धरून बसले, गोड बोलायला त्यांचं तोंड अर्धा तास रिकामंच झालं नाही.

पेन तेव्हाही ठणठणीत होता. फक्त उथळ पाकात बुडालेला नव्हता. तेव्हापासून आम्ही पाक अरुंद, खोल पातेल्यात करतो. कढईच हवी असेल तर ती सांडशीने एका बाजूला कलंडवून पाक गोळा करायचा, पेन जवळजवळ आडवा घालायचा आणि तळाला टेकू द्यायचा नाही.

आता तुमचा पेन तपासा. दोन परीक्षा, खर्च शून्य. पहिली बर्फाची, आणि ती नव्वद टक्के लोक चुकीची करतात. पेल्यात पाणी, वर बर्फाचे चार खडे तरंगतायत, त्यात पेन बुडवला, २ किंवा ३ दाखवलं, म्हणून पेन फेकून दिला. अहो, पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना. त्यामुळे तरंगत्या बर्फाच्या पेल्यात तळाशी चार अंशांचं पाणी आरामात बसून राहतं. पेनने खरं तेच सांगितलेलं असतं. बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक कुटा. पेला काठोकाठ भरा. आरओचं पाणी फटी भरतील एवढंच घाला, बर्फ तरंगायला लागला तर पाणी ओता. दोन-तीन मिनिटं ढवळा. मग टोक मधोमध, कुठेही न टेकवता धरा. आता जे दिसेल ते शून्य असायला हवं.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. खोल पातेलं, किमान चार बोटं पाणी, खळखळून उकळी, झाकण नाही. पेन तिरका धरा म्हणजे वाफ प्लॅस्टिकच्या डोक्यावर येणार नाही. आपण ठाणे-नवी मुंबईकर समुद्रसपाटीलाच आहोत, त्यामुळे १०० च्या अगदी जवळ दिसायला हवं. जुलैत हवेचा दाब उतरतो तेव्हा खरा उकळबिंदू ९९.७ च्या आसपास असतो, तेवढ्याने बिचकू नका. माथेरानला करून बघाल तर पाणी ९७ च्या काही दशांश वरच उकळेल, तोही पेनचा दोष नव्हे. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक अंश कमी होतो.

दोन्ही आकडे चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून पेनवर चिकटवा. माझ्या एका पेनवर लिहिलंय: "बर्फ ०.४, उकळ ९८.६". हा पेन खाली थोडा जास्त आणि वर थोडा कमी दाखवतो. म्हणूनच एकट्या बर्फाच्या परीक्षेवर विसंबू नका. स्वस्त पेनांत थर्मिस्टर असतो. त्याचा विद्युत्‌रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, वक्राने बदलतो. शून्याला बरोबर असलेला पेन ११० ला बरोबर असेलच असं नाही.

यातूनच पाकासाठी एक युक्ती निघते, आणि या सगळ्या उत्तरातलं सर्वांत कामाचं मला तेच वाटतं. त्या दिवशी, त्याच पेनने, आधी उकळतं पाणी मोजा. मग पाकाचा आकडा शंभरापासून न मोजता तिथून वर मोजा. एकतारी म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा पाच-सहा अंश वर, गोळीबंद म्हणजे बारा ते सोळा वर. तुमचा पेन पाण्यात ९८.६ दाखवत असेल तर एकतारीला १०४.६ आला की झालं. पेनची चूक, पावसाळ्याचा दाब, महाबळेश्वरची उंची, सगळं आपोआप वजा होतं. चिक्कीएवढ्या वर गेलात की मात्र ही वजाबाकी पुरेशी खात्रीची राहत नाही, कारण पेनची चूक वर जाताना वाढू शकते.

गुळाचं गणित आणखी वेगळं. गुळात निव्वळ साखर नसते. क्षार असतात, मळी असते, ओलावा दर ढेपेला वेगळा. एपीएमसीतून आणलेला चिक्कीचा गूळ आणि वाण्याकडची पिवळी ढेप एकाच आकड्याला सारख्या वागत नाहीत. म्हणून आमच्याकडे थर्मामीटर फक्त हाक मारतो. १३० दिसलं की मी "आलं" म्हणतो. तिथून पुढे बायको दर थोड्या वेळाने एक थेंब थंड पाण्यात टाकते, बाहेर काढून ताटलीवर आपटते आणि कान देते. 'टण्' वाजला की गॅस बंद. बोटांमधली तार आणि ताटलीवरचा आवाज थेट पाकाचा घट्टपणा सांगतात. माझं यंत्र तेच आडवळणाने सांगतं. विकायचं असेल तर दर नव्या गुळाला पहिला घाणा दोन्ही रीतींनी करा, जमलेला आकडा वहीत लिहा, आणि तो गूळ संपेपर्यंत आकड्यावर चाला.

आता पेन बदलायचा का? इथे अचूकतेपेक्षा वेग जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि डब्यावर तो ठळक छापलेला नसतो. शेवटी शेवटी पाक भराभर चढतो. समजा, दर पाच सेकंदांना एक अंश. पेन जर दहा सेकंद मागे रेंगाळत असेल तर तुम्ही वाचता तो आकडा दोन अंश शिळा असतो. त्यात जाड कढई गॅस बंद केल्यावरही आणखी दोन-तीन अंश ढकलते. साडेतीनशेच्या पेनचं हेच दुखणं आहे. तुमचा किती रेंगाळतो ते बघायचं असेल तर खोलीच्या तापमानावरून थेट उकळत्या पाण्यात घाला आणि आकडा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाचाच्या आत असेल तर ठेवा. पंधरा लागत असतील तर तो दह्याला द्या आणि पाकाला दुसरा आणा.

दुसरा आणताना तीन गोष्टी बघा. टोक निमुळतं हवं, कारण बारीक टोक लवकर तापतं आणि उथळ पाकातही निभावतं. मोजायची कमाल मर्यादा २५० च्या पुढे हवी. १५० पर्यंतचे पेन चिक्कीला काठावर येतात आणि तळणीत मरतात. आणि अचूकतेचं बारीक अक्षर वाचा. "±१ अंश" मोठ्या अक्षरात असतं, तो फक्त अमुक ते तमुक तापमानाला, हे खाली असतं. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून यंत्र दशांशापर्यंत खरं असतं असं मुळीच नाही. चुकीचा आकडासुद्धा दशांशात छापता येतो.

आत के टाइप थर्मोकपल असेल तर उत्तम. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, त्यातून निघणारा अगदी बारीक व्होल्टेज. जोड टाचणीच्या डोक्याएवढा करता येतो म्हणून झपाट्याने वाचतो. दादांचा थर्मापेन याच जातीचा आहे, सेकंदाभरात स्थिर होतो, आणि वस्तू खरंच चांगली आहे. पण त्याच जातीचे मधल्या किमतीचे, तीन-चार सेकंदांत वाचणारे पेन मिळतात आणि चिक्कीला ते पुरतात. थर्मोकपलची एक खोड लक्षात ठेवा. तो टोक आणि मीटर यांच्यातला फरक मोजतो, मीटरचं स्वतःचं तापमान वेगळं मोजून त्यात मिळवतो. एसीच्या खोलीतून काढून थेट शेगडीवर नेलात तर पहिली काही मिनिटं एखाद-दुसऱ्या अंशाने भरकटतो. आधी दहा मिनिटं ओट्याजवळ पडू द्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मल्टिमीटरबरोबर पिवळ्या प्लगची, टोकाला उघडा मणी असलेली वायर मिळते. तीही के टाइपच, आणि स्वस्त. मोह होतो. ती खाण्यात बुडवू नका. तिच्यावरचं वेष्टण अन्नासाठी केलेलं नसतं, काही वायरींना तर काचतंतूंचं असतं. तिथूनच स्टीलच्या नळीतला प्रोब घेतलात आणि मीटर वेगळा ठेवलात तर चालेल. प्रोब मेला तर तेवढाच बदलता येतो.

करोनात आणलेली कपाळावरची बंदूक बऱ्याच घरांत आहे, आणि हमखास कोणीतरी विचारतं, ती चालेल का? नाही. ती शरीराच्या मोडवर असेल तर आकडा ताप मोजण्यासाठी फिरवून दाखवते आणि चाळिशीच्या पुढे हात टेकते. स्वयंपाकाची वेगळी इन्फ्रारेड बंदूक असते, तीही फक्त पृष्ठभाग बघते. तेलाच्या किंवा तव्याच्या अंदाजाला ठीक. चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर मात्र ती पातेल्याऐवजी त्यात पडलेलं तुमच्या स्वयंपाकघराचं प्रतिबिंब मोजते आणि तापलेलं भांडं थंड दाखवते. तापाचा साधा डिजिटल थर्मामीटरही ४२-४३ च्या पुढे जात नाही. आणि कपाटात जुना पाऱ्याचा असेल तर तो अन्नाच्या आसपासही आणू नका.

तळणीचं ओघात सांगतो, कारण फराळ सुरू केलात की तिथेही येणारच. बटाटेवड्याला १८० च्या आसपास, चकलीला त्याहून थोडं कमी. पहिल्या घाण्यानंतर तेल किती उतरतं ते एकदा मोजून बघा, गार चकल्यांनी भरलेला झारा वीस अंश सहज खातो. अनारसा तेलात का हसतो, म्हणजे फुटून पसरतो, हे मात्र मला कुठल्याच थर्मामीटरने आजवर सांगितलेलं नाही.

दादा चुकीचं सांगत नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं सातू कढत पाण्यात तासभर भिजवतात. त्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. ६५ च्या खाली एक विकर जोरात असतं, सत्तरीकडे दुसरं. पासष्टला ठेवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. एकोणसत्तरला ठेवलं तर अंगाने भरीव, गोडसर. चार अंशांत चव फिरते, म्हणून त्यांना खात्रीचा आकडा हवा. तरी नंतर आठवडाभर पिंप आंबत असतं तेव्हा हा पेन त्यांच्याही उपयोगाचा नाही. त्याला वायरवाला प्रोब लागतो, पिंपाच्या बाहेरून चिकटवून वर फोमचा तुकडा बांधलेला. त्यांच्या नादाने इथे बिअरला हात घालू नका. तिथे चालतं, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे.

वायरवाल्या प्रोबची कल्पना मात्र उचला. तुमच्या कोंबुच्याला तोच हवा. बरणीबाहेर, मध्यावर टेपने चिकटवायचा, वर फडक्याची घडी बांधायची. आत बुडवलात तर बरणी उघडी राहते आणि कोंबुचाचं आम्ल प्रोबला लागतं, दोन्ही नको. हे दोन-तीनशेत मिळतात आणि एका अंशाने चुकले तरी बिघडत नाही. कोंबुचाला पंचविशीच्या आसपास बरं वाटतं. खारघरला एप्रिलमध्ये डोंगराकडून गरम वारा सुटला की स्वयंपाकघर बत्तिशी गाठतं, तेव्हा आंबण्याचे दिवस कमी करा किंवा बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात न्या. तो कोपरा कुठला, हे प्रोब दोन दिवसांत सांगेल. आमच्याकडे तो देवघराखालचा कप्पा निघाला आणि तिथे बरणी ठेवायला परवानगी मिळाली नाही.

तर तुमच्या जागी मी असतो तर थर्मापेन आत्ता मागवला नसता. हाच पेन दोन्ही परीक्षांतून काढून दह्या-पनीरला ठेवला असता, कोंबुचाला वायरवाला आणला असता, आणि चिक्कीच्या ऑर्डरी खरंच घ्यायच्या ठरल्या की बारीक टोकाचा, तीन-चार सेकंदांत वाचणारा एक पेन घेतला असता. अधूनमधून डझनभर वड्या करायच्या असतील तर तोही नको, ताटली आणि कान पुरे. दादा दिवाळीला येणार असतील तर थर्मापेन त्यांच्याच सामानातून येऊ द्या, धाकट्याने तेवढा हट्ट करायला हरकत नाही.

आणि कोणताही पेन आणलात तरी तो नळाखाली धुऊ नका. आयपी ६७, म्हणजे पाणी आत न शिरण्याची खूण, लिहिलेलं असेल तर पाण्यात पडला तरी वाचतो, पण बहुतेकांवर ते नसतं. कांडी ओल्या फडक्याने पुसा, दह्याला वापरण्याआधी फक्त टोक उकळत्या पाण्यात बुडवून काढा. वायरवाले प्रोब नळी आणि वायर यांच्या जोडात पाणी शिरून मरतात, आकडे वेडेवाकडे नाचायला लागले की समजा. पावसाळ्यात पेन महिनाभर वापरणार नसाल तर बटण सेल काढून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढतो, आणि कमजोर सेलवर काही पेन बंद न पडता बिनधास्त चुकीचे आकडे दाखवत राहतात.